हापूस परदेशी पाठवायचा तर देश आषाढात ठरवा

हापूसची पेटी सहारच्या विमानतळावरून किंवा न्हावाशेवाच्या बंदरातून बाहेर पडते तेव्हा आपण तिला निर्यात म्हणतो. मात्र ती जेथे उतरते तेथे ते आयात केलेले फळ असते आणि तिचा निवाडा त्या देशाच्या नियमांनुसार होतो. कोकणातले बहुतेक बागायतदार हे नियम एप्रिलमध्ये, फळ काढणीला आल्यावर आणि एखाद्या निर्यातदाराचा फोन आल्यावर विचारतात. तोपर्यंत मोहोरावरच्या सगळ्या फवारण्या होऊन गेलेल्या असतात, बागेची नोंदणी राहिलेली असते आणि फळमाशीने कोणत्या फळांत अंडी घातली हे कोणालाच ठाऊक नसते. आमची बाग राजापूर तालुक्यात कातळावर आहे. तेथे दोन-तीन हंगाम चुका केल्यावर मला पटले, की माल कोणत्या देशाला पाठवायचा हे कल्टार (मोहोर लवकर आणणारे औषध) घालतानाच, म्हणजे आषाढात, ठरले पाहिजे. पुढची मांडणी त्याच क्रमाने, पावसाळ्यापासून काढणीपर्यंत आणि त्यानंतर पुन्हा पावसाळ्यापर्यंत केली आहे.

पहिली पायरी: कोणता देश नेमके काय मागतो ते समजून घ्या

हापूसच्या बाबतीत देशांचे ढोबळ चार गट पडतात, आणि त्यांच्यातला खरा फरक फळातली कीड मारण्याची कोणती पद्धत त्यांना मान्य आहे यात असतो.

आखाती देश, विशेषतः संयुक्त अरब अमिराती, हे हापूसचे जुने आणि मोठे गिऱ्हाईक आहे. तेथे साधारणपणे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र पुरते, विकिरण (फळावर किरणांचा मारा) किंवा उष्ण पाण्याची प्रक्रिया सक्तीची नसते आणि समुद्रमार्गे माल थोड्या दिवसांत पोचतो. भारत आणि अमिराती यांच्यातला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला आहे. पहिल्यांदाच माल बाहेर पाठवणाऱ्या बागायतदाराने येथून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

युरोपीय संघाची गोष्ट वेगळी आहे. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्या आणि १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, आंब्यासह वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांच्यावर तेथे बंदी आली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. त्यानंतर युरोपकडे जाणारे फळ ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची रीत बसली. सप्टेंबर २०१९ पासून युरोपने फळमाशीविषयीची अट आणखी कडक केली असून कोणती प्रक्रिया केली याचा तपशील प्रमाणपत्रावर असावा लागतो.

जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले ते उष्ण बाष्पाच्या अटीवर. तेथे फळाच्या गाभ्याचे तापमान ४७.५ अंशांपर्यंत नेऊन ते २० मिनिटे टिकवावे लागते. पाण्याच्या प्रक्रियेत घड्याळ पाण्याच्या तापमानावर चालते, तर बाष्पाच्या प्रक्रियेत ते गाभ्याच्या तापमानावर चालते. म्हणून वीस मिनिटांची ही प्रक्रिया प्रत्यक्षात काही तास घेते आणि एका खोलीत लहान-मोठी फळे मिसळली तर सगळा हिशेब बिघडतो.

अमेरिकेने २००७ मध्ये जवळपास अठरा वर्षांनी भारतीय आंबा पुन्हा घेतला आणि त्यासाठी किमान ४०० ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचे एकक) इतक्या मात्रेची अट घातली. मेक्सिकोचा आंबा तेथे उष्ण पाण्याची प्रक्रिया करून जातो, मग आपल्यालाच विकिरण का, असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे एक कारण कोयीत आहे. आपल्याकडे कोयीतला भुंगा आहे; तो गराच्या आत, कोयीच्या कवचाखाली सुरक्षित बसलेला असल्यामुळे पाण्याची उष्णता त्याच्यापर्यंत भरवशाने पोचत नाही. फळमाशीसाठी १५० ग्रे पुरतात, कोयीतल्या भुंग्यासाठी ३०० ग्रे लागतात, आणि ४०० ग्रे ही मात्रा फुलपाखरू-पतंगवर्गीय किडींचे कोष व प्रौढ वगळता बाकी सर्व किडींसाठी मान्य आहे.

विकिरणाची एक गोष्ट बागायतदाराने नीट समजून घेतली पाहिजे. या मात्रेत कीड लगेच मरतेच असे नाही, तिची वाढ आणि पुनरुत्पादन थांबते. म्हणून अमेरिकेच्या विमानतळावर फळ कापून पाहिल्याने प्रक्रिया झाली की नाही हे सिद्ध होत नाही, आणि सगळा पुरावा मात्रेच्या नोंदीत आणि कागदावर राहतो. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईतून विकिरण होऊन गेलेल्या सुमारे १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथे कागदपत्रांतील त्रुटी दाखवून नाकारल्या गेल्या. माल परत आणण्याचा खर्च परवडणारा नसल्याने तो तेथेच नष्ट करावा लागला. २०२० आणि २०२१ मध्ये तर अमेरिकी निरीक्षक साथीमुळे भारतात येऊच शकले नाहीत आणि दोन्ही हंगामांत तिकडची निर्यात बंद राहिली. चांगले फळ, चालू यंत्रणा आणि तयार गिऱ्हाईक असूनही एका माणसाच्या सहीअभावी वाट बंद होऊ शकते. अमेरिकेचा विचार करणाऱ्याने हा धोका आधीच मनात धरावा. आयात शुल्काचेही तसेच आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा आपला हंगाम संपलेला होता, आणि त्यानंतरही तेथील दर बदलत राहिले. म्हणून दराची बोलणी करताना शुल्क कोणाच्या माथी, हे निर्यातदाराकडून लेखी घ्यावे.

दुसरी पायरी: आपली बाग त्या देशाला जुळते का, हे पाहा

देवगड, विजयदुर्ग, पावस, गणपतीपुळे अशा समुद्रालगतच्या पट्ट्यात मोहोर लवकर येतो आणि फळ मार्चअखेरीपासून मिळू लागते. सह्याद्रीच्या पायथ्याकडे किंवा रायगडात तेच फळ मेमध्ये जाते. हा फरक निर्यातीत निर्णायक ठरतो, कारण अवकाळी पाऊस पडला की फळमाशी आणि करपा हा बुरशीचा रोग, दोन्ही वाढतात. २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ १६-१७ मे रोजी कोकण किनाऱ्यालगतून गेले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. ज्यांचे बहुतेक फळ मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तयार होते त्यांनी युरोप-जपानच्या मागे न लागता आखात आणि देशांतर्गत बाजार धरावा. सागरी पट्ट्यातल्या लवकरच्या बागांनी प्रक्रिया मागणारे देश धरावेत.

जमीनही पाहावी लागते. कातळावरच्या बागेत माती थोडी आणि ओल कमी असल्याने फळाला गोडी येते, पण एप्रिलच्या दुपारी तापलेल्या जांभ्याची धग खालच्या फांद्यांवरच्या फळांना लागते आणि साक्याचे, म्हणजे गर आतून खराब होण्याचे, प्रमाण वाढते. साका बाहेरून दिसत नाही, वासाने कळत नाही, आणि परदेशातल्या ग्राहकाने फळ कापल्यावरच तो उघड होतो. झाडाखाली पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवणे आणि जमिनीलगतची फळे निर्यातीच्या ढिगात न घालणे, हे दोन उपाय आम्ही करतो.

तिसरी पायरी: कल्टार, पालवी आणि नोंदणी

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे आपले कल्टार, १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात झाडाच्या विस्ताराच्या व्यासाप्रमाणे मीटरला ३ मिलिलिटर या हिशेबाने मुळांशी देतात. त्याने मोहोर लवकर आणि नियमित येतो, म्हणजेच फळ पावसाच्या आधी निघण्याची शक्यता वाढते. देशाची निवड याच वेळी करायची ती यासाठी: लवकरचे फळ हवे की नको, हे येथेच ठरते. अशक्त झाडांना, किंवा ज्यांना खत पुरेसे घातलेले नाही त्यांना कल्टार देऊ नये. ते झाड दोन वर्षे फळ देते आणि मग थकते, हे पुष्कळांनी पाहिले आहे.

दिवाळीनंतर बागेच्या नोंदणीची चौकशी सुरू करावी. युरोप आणि इतर कडक देशांना जाणारे फळ अपेडाच्या (शेतमाल निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था) मँगोनेट प्रणालीत नोंदवलेल्या बागेतलेच असावे लागते. अर्ज तालुका कृषी कार्यालयामार्फत जातो, सातबारा आणि बागेचा नकाशा लागतो, कृषी अधिकारी बाग पाहतात आणि मग बागेला क्रमांक मिळतो. पेटीवर तो क्रमांक असल्यामुळे परदेशात फळात काही सापडले तर कोणत्या वाडीतून ते आले इथपर्यंत माग काढता येतो. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील, आणि कोकणात ती बहुधा असतातच, तर संमतीपत्रांची जुळवाजुळव नोव्हेंबरातच करावी. मुंबईकर भावाची सही मार्चमध्ये मिळवणे फार कठीण जाते.

चौथी पायरी: मोहोर ते कणी, फवारणीची वही

सर्वांत जास्त माल अडतो तो येथे, म्हणून या पायरीवर थोडे थांबतो.

हापूसचा मोहोर थंडीवर येतो. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली काही दिवस टिकले की डोळे फुगू लागतात. थंडी लांबली तर आधीच्या मोहोरावर कणी, म्हणजे बारीक फळे, धरलेली असतानाच पुन्हा मोहोर येतो आणि जुनी कणी गळते. त्याच काळात दमट हवेमुळे तुडतुडे, फुलकिडे या किडी आणि भुरी, करपा हे रोग असे चौघे एकामागून एक येतात. फवारणी टाळून हापूस घेणे आपल्या हवेत जवळपास अशक्य आहे, आणि आयात करणारा देश तर फळात औषधाचा अंश शोधतो. कोकणची हवा आणि परदेशातला नियम यांची गाठ नेमकी या ठिकाणी पडते.

युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. हे प्रमाण किती लहान आहे हे समजण्यासाठी असा हिशेब करावा, की १०० टन आंब्यात मिळून एक ग्रॅम औषध. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाला युरोपात २०२० पासून हीच मर्यादा आहे. थायोमेथोक्झाम हे तुडतुड्यांसाठी आपल्या वेळापत्रकात वर्षानुवर्षे बसलेले औषध. मधमाश्यांच्या संरक्षणाचे कारण देऊन युरोपने त्याची आणि क्लोथियानिडिनची मर्यादा मोजता येईल इतक्या किमान पातळीवर आणली असून हा नियम ७ मार्च २०२६ पासून लागू होतो. म्हणजे जे औषध आपल्याकडे कायदेशीर आहे, शिफारशीत आहे आणि ज्याने गेल्या वर्षी नमुना पास झाला, तेच यंदा माल अडवू शकते. म्हणून दरवर्षी डिसेंबरात निर्यातदाराकडून त्या देशाची ताजी औषधयादी मागून घ्यावी, ती औषधाच्या दुकानदाराला दाखवावी आणि यादीबाहेरचा डबा बागेत आणूच नये. दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर या बाबतीत विसंबू नये.

आमचा एक नमुना क्लोरपायरीफॉसमुळे फसला तेव्हा आम्ही ते मोहोरावर एकदाही फवारलेले नव्हते. पुष्कळ शोधल्यावर लक्षात आले, की सप्टेंबरात खोडकिड्यासाठी खोडांना ते लावताना जी टाकी आणि जी नळी वापरली, तीच पुढे मोहोरावर वापरली होती आणि ती नुसत्या पाण्याने विसळली होती. त्या वर्षी सारा माल परदेशाऐवजी वाशीच्या बाजारात गेला. तेव्हापासून निर्यातीच्या कलमांसाठी टाकी, नळी आणि नोझल वेगळे ठेवले आहेत. गडग्यापलीकडच्या बागेतली फवारणी वाऱ्याने येते, हेही ध्यानात घेऊन कडेच्या दोन ओळींचे फळ आम्ही वेगळे काढतो आणि निर्यातीला देत नाही.

फवारणीची वही ठेवा. तारीख, कलमांचे क्रमांक, औषधाचे नाव, त्यातला मूळ घटक, डब्याचा बॅच क्रमांक, पाण्याचे प्रमाण, फवारणाऱ्याचे नाव आणि कोणती कीड दिसली म्हणून फवारले, इतके लिहावे. हे लिहायला पाच मिनिटे लागतात. राखणीला बहुधा नेपाळी गुरखे असतात. त्यांना कोणत्या डब्याला हात लावायचा नाही हे रंगाची खूण करून सांगितले, तर चुका बऱ्याच टळतात.

पाचवी पायरी: पिशव्या आणि सापळे

फळ गोटी ते अंडाकृती आकाराचे झाले की त्यावर २५ बाय २० सेंटिमीटरची कागदी पिशवी बांधण्याची विद्यापीठाची शिफारस आहे. पिशवीतल्या फळावर माशी अंडी घालू शकत नाही, डाग पडत नाहीत, साका कमी होतो आणि शेवटच्या महिन्यात फवारणीची गरजही घटते. मजुरी लागते हे खरे. उंच कलमांवर तर हे काम होत नाही. मात्र छाटून बुटक्या ठेवलेल्या कलमांवरचे फळ निर्यातीसाठी राखून ठेवले तर हा खर्च भरून निघतो.

विद्यापीठाचा रक्षक सापळा फळमाशीच्या नराला ओढून घेतो. हेक्टरी चार सापळे, झाडाच्या खालच्या फांदीवर सावलीत टांगावेत. सापळ्यात माश्या भरू लागल्या म्हणजे काम झाले असे समजू नये. नर कमी झाले तरी शेजारच्या बागेतून आलेली मादी अंडी घालतेच. सापळ्याचा मोठा उपयोग इशारा म्हणून आहे. आठवड्याला माश्या मोजून वहीत लिहाव्यात आणि आकडा चढू लागला की काढणी पुढे ढकलू नये.

सहावी पायरी: काढणी, चीक आणि उष्णता

निर्यातीचे फळ चौदा आणे तयार झाल्यावर, म्हणजे पूर्ण पक्व होण्याच्या थोडे आधी, काढावे. त्यापेक्षा कोवळे फळ उष्ण पाण्यातून निघाल्यावर सुरकुतते, त्याच्या सालीवर भाजल्यासारखे डाग उठतात आणि ते नीट पिकतही नाही. त्यापेक्षा पक्के फळ वाटेतच पिकते आणि त्यात साक्याचा धोका जास्त असतो. खांदे भरलेले असावेत, देठाजवळ खळगा पडलेला असावा, आणि शंका असेल तर फळ पाण्यात टाकावे: तयार फळ बुडते, कोवळे तरंगते.

काढणी सकाळी लवकर, नूतन झेल्याने (आंबा काढण्याची जाळी लावलेली काठी) आणि बोटभर देठ ठेवून करावी. देठ मुळाशी तुटला तर चीक सालीवर ओघळतो. उष्ण पाण्यात गेल्यावर चिकाचा हा ओघळ काळा पडतो आणि सारी पेटी कमी प्रतीची ठरते. पाऊस पडून गेल्यावर किमान एक-दोन दिवस निर्यातीचे फळ काढू नये, कारण पाणी प्यालेली साल उष्णता सोसत नाही. फळ उन्हात ठेवू नये, जमिनीवर ओतू नये, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये कागद घालून एका-दोन थरांत भरावे आणि काही तासांतच पॅकहाऊसला पोचवावे. रत्नागिरीत नाचणे आणि देवगडात जामसंडे येथे राज्य पणन मंडळाची आंबा निर्यात सुविधा केंद्रे आहेत. विकिरण आणि बाष्प प्रक्रियेसाठी माल वाशीला न्यावा लागतो. राजापूरहून वाशीचा रात्रीचा प्रवास फळाला दणके देतो, म्हणून ट्रकपेक्षा क्रेट कसे रचले आहेत याकडे अधिक लक्ष द्यावे.

प्रक्रियेनंतर फळ थंड करून साधारण १३ अंशांवर ठेवतात. त्याखाली नेले तर हापूस पिकण्याची क्षमता गमावतो आणि साल करडी पडते. सफरचंदासारखा तो महिनोन्‌महिने शीतगृहात राहत नाही, आणि म्हणूनच लांबच्या देशांना तो विमानाने, महाग भाड्याने जातो.

सातवी पायरी: कागद

निर्यातदाराचा आयात-निर्यात क्रमांक, अपेडाची नोंदणी, बागेचा मँगोनेट क्रमांक, औषधाच्या अंशाचा प्रयोगशाळा अहवाल, प्रक्रियेची नोंद आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, या सर्वांवर वजन, पेट्यांची संख्या आणि तारीख तंतोतंत जुळली पाहिजे. हे काम निर्यातदाराचे असले तरी आपल्या मालाच्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी. ती न देणाऱ्या निर्यातदाराला मी माल देत नाही.

आता उलट्या दिशेने येणाऱ्या फळाबद्दल थोडे. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात मलावीचा हापूस येतो. तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपला मोहोर फुटत असताना तेथे फळ काढणीला येते, आणि ती कलमे मूळची कोकणातल्याच काड्यांवरून केलेली आहेत. तेच झाड वेगळ्या मातीत, वेगळ्या हवेत वाढते, आणि त्या फळालाही आपल्याकडच्या वनस्पती संगरोध नियमांतून जावे लागते. २०१८ मध्ये कोकणच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांना आपले फळ याच नावाने विकायचे आहे त्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. दिवाळीनंतर येणारे मलावीचे फळ आणि एप्रिलमधले आपले फळ यांतला फरक ग्राहकाला कागदावरही दाखवता येतो.

आठवी पायरी: शेवटची पेटी गेल्यावर

निर्यातदाराकडून प्रत्येक खेपेचा निकाल लेखी मागावा: किती फळे बाद झाली, का झाली, कोणत्या क्रमांकाच्या कलमांची होती. तो फवारणीच्या वहीशेजारी चिकटवून ठेवावा, कारण पुढच्या आषाढात देश ठरवताना तोच हाताशी लागतो. आणि मेअखेरीस, पहिला पाऊस लागण्याआधी, झाडाखाली पडलेले प्रत्येक फळ वेचून दीड-दोन फूट खोल खड्ड्यात पुरावे. त्या सडक्या फळांतल्या अळ्या ओल्या मातीत शिरून कोष करतात आणि पुढच्या हंगामाच्या माश्या तेथूनच उठतात. आमच्याकडे हे काम घरातली सगळी माणसे मिळून दोन सकाळींत उरकतात.